कपड्यांच्या गाडीतला पेंग्विन

गॅरीचे ओठ निळे पडत चालले होते आणि त्याच्या अंगावर पेंग्विनचा पोशाख होता. क्लबच्या गाडीत मागे मळक्या जर्सींच्या पिशव्या होत्या, त्यांच्यावर आम्ही त्याला आडवा ठेवला होता. डोकं माझ्या मांडीवर. मान हलू नये म्हणून मी दोन्ही बाजूंना मोज्यांच्या पिशव्या दाबून धरल्या होत्या. पेंग्विनच्या पिवळ्या रबरी पायांपैकी एक पबच्या बागेतच राहिला होता. गॅरी घोरत होता. मधेच घोरणं थांबायचं, मग माझाही श्वास थांबायचा. पुन्हा सुरू झालं की मी पिशव्या नीट धरायचे.

पुढे डॅनी गाडी चालवत होता. त्याने माझा फुलाफुलांचा एप्रन घातला होता आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, अंबाड्यासकट. त्या दिवशी सगळेच सोंगं घेऊन आले होते, तो माझं घेऊन आला होता. दारूचा थेंब त्याच्या पोटात नव्हता. पण त्याला गाडी चालवायला कोर्टाची बंदी होती. शिवाय तुरुंगाची शिक्षा डोक्यावर टांगलेली होती. म्हणजे शिक्षा झालेली, पण तूर्त भोगायची नाही. पुन्हा काही केलंस तर आत, असं जजने सांगून सोडलेलं.

"श्वास चालू आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. तू रस्त्याकडे बघ."

"मिसेस के, त्याच्याशी बोला."

"काय बोलू? तो ऐकत नाही."

"तरी बोला."

मग मी गॅरीला मराठीत म्हटलं, अरे ऊठ, तुझी बायको लिसा मला काय म्हणेल.

मोठ्या राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, समोरून एक अँब्युलन्स सायरन वाजवत आली. डॅनीने गाडी बाजूला घेऊन तिला वाट दिली. नियम पाळला. ती आम्ही आलो त्या दिशेला निघून गेली.

मी कोण ते आता सांगते. मी कोल्हापूरजवळच्या खेड्यातली, शाळा चौथीपर्यंत. लग्न करून यॉर्कशरला आले. नवरा लोकरीच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर बसवर. मी आमच्या गावच्या रग्बी क्लबात कपडे धुवायला लागले आणि गुडघे जाईपर्यंत तेच केलं. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात बर्मिंगहॅमच्या मुलीने मला विचारलं, "काकू, तुम्ही वर्क करायचात का?" म्हटलं, रग्बी क्लबात होते. "वॉव, मॅनेजमेंटमध्ये?" म्हटलं, लाँड्रीत. तिने विषय बदलला नाही. उलट दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागली. तिला गमतीजमती हव्या होत्या. त्याही सांगते, पण थोड्याच आहेत.

रग्बी दोन प्रकारची असते. टीव्हीवर राजघराण्यातले लोक बघायला येतात ती पंधरा जणांची. आमची तेरा जणांची, रग्बी लीग. गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांत चालते. बॉल हातात घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. सहा वेळा पाडलं की बॉल दुसऱ्यांचा. एवढं कळलं तरी पुरे आहे, मला तरी त्यापुढे कधी लागलं नाही. बाकी मी सगळं कपड्यांवरून बघितलं.

धुण्याचं काम सोपं नाही. चिखल ओला असताना धुवायचा नसतो. वाळू द्यायचा, झटकायचा, ब्रश मारायचा, मग पाण्यात. रक्ताला थंड पाणी. गरम पाण्यात रक्त शिजतं आणि डाग कायमचा बसतो. जर्सीवरचे छापलेले आकडे जास्त उष्णतेने तडकतात, म्हणून ड्रायर मंद ठेवायचा. प्रत्येक खेळाडूची एक जाळीची पिशवी असते, तिच्यावर त्याचा नंबर. मोजे, चड्ड्या, आतले कपडे त्यात कोंबायचे आणि तोंड बांधून माझ्याकडे टाकायचं. पिशवी तशीच बांधलेली मशीनमध्ये जाते. पण मी आधी उघडून बघायची, कारण माणसं काहीही घालतात. एकाच्या मोज्यात त्याचे पुढचे दोन खोटे दात निघाले. तो तीन दिवस बायकोला सांगत होता की मॅचमध्ये गिळले. दुसरा एक जाडा, त्याला वाटायचं मोजे धुतले की आपण हरतो. मोसमभर धुवू देईना. शेवटी त्याच्या शेजारी कपडे बदलणाऱ्यानेच ते चोरून माझ्याकडे आणले. त्या शनिवारी जिंकले. त्यानंतर तो दर आठवड्याला स्वतःहून आणून द्यायचा आणि दोनदा धुवा म्हणायचा.

मला सगळे मिसेस के म्हणायचे. आडनाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं आणि मला बसवून घ्यायची हौस नव्हती.

डॅनी आमच्याकडे आला तेव्हा तिशीचा होता. अठराव्या वर्षी तो वरच्या विभागातल्या मोठ्या क्लबात खेळत होता. मी त्याला तेव्हा आमच्या मैदानावर एकदा पाहिलं होतं. मी सहसा खेळ बघत नाही, पण त्या दिवशी दारात उभी राहिले. चार जण अंगावर आले आणि त्यांच्यामधून हा असा गेला की त्यांनी एकमेकांनाच धरलं. त्याची जर्सी कोरडी स्वच्छ असायची म्हणे. कोणी हातच लावू शकत नसे. त्यांच्या लाँड्रीतल्या बाईनेच मला सांगितलं होतं.

मग पैसा आला आणि दारू आली. सरावाला दांड्या, क्लबच्या बाहेर मारामारी, लग्न मोडलं. मोठ्या क्लबाने काढलं, त्याहून लहानाने घेतलं, त्यानेही काढलं. शेवटी दुपारी पिऊन गाडी चालवताना त्याने ती तळलेले मासे आणि चिप्स विकणाऱ्या एका दुकानात घातली. दुकान बंद होतं म्हणून कोणी मेलं नाही. एवढंच त्याचं नशीब. बंदी आणि टांगती शिक्षा तिथली.

आमचा क्लब खालच्या विभागातला. आमच्याकडे खेळाडूंना खेळावर पोट भरता येत नाही, आठवडाभर दुसरं काम असतं. कॅप्टन गॅरी प्लंबर होता. कमिटीला डॅनी नको होता. गॅरी त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, त्याला घ्या, तो प्यायला तर मीही क्लब सोडतो. मग त्यांनी घेतला, पण अट घातली की दिवसाचं काम क्लबातच करायचं, डोळ्यांसमोर. म्हणून त्याला माझ्याकडे टाकला.

पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या खुंटीला पोरांनी तळलेला मासा आणि चिप्स टांगून ठेवले होते, व्हिनेगर मारून. डॅनीने ते काढले, बाकावर बसला आणि थंड झालेले सगळे खाल्ले. "मीठ कमी आहे," म्हणाला. त्यानंतर त्याला कोणी छळलं नाही. फार नाही.

माझ्याकडे त्याने पहिल्याच दिवशी रक्ताच्या चड्ड्या गरम पाण्यात टाकल्या.

"कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही, मिसेस के. आत्तापर्यंत माझे कपडे कोणीतरी दुसरंच धुवायचं."

"ते दिसतंय. बाहेर काढ."

माणूस कामाला वाईट नव्हता. हात एवढे मोठे, पण मोज्यांच्या जोड्या नीट लावायचा. दुपारी मी डबा उघडला की समोर येऊन बसायचा. भाकरी आणि लसणाची चटणी त्याला आवडायची. कोणी विचारलं की म्हणायचा, मिसेस के मला तिखटाने मारणार आहे, दारूने मरायचं राहिलं म्हणून. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण तो माझ्याशी बोलायचा ते मला तुम्हीच वाटायचं. प्यायची इच्छा झाली की मला सांगायचा. मी काही उपदेश करत नसे. म्हणायचे, त्या कोपऱ्यातला चिखल झटक. तो झटकायचा. कधी कधी चिखल संपायचा आणि इच्छा उरायची. मग आम्ही धुतलेल्याच कपड्यांच्या पुन्हा घड्या घालायचो.

मोसमभर तो प्यायला नाही आणि खेळला. आमची माणसं मैदानावर यायला लागली. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही, तसं झालं.

आता त्या सोमवारबद्दल. मोसमाची शेवटची मॅच झाली की नंतरच्या सोमवारी सगळे खेळाडू सोंगं घेऊन दुपारपासून पितात. त्याला मॅड मंडे म्हणतात. सगळ्या क्लबांत आहे. जो येत नाही त्याने टीमचा अपमान केला असं धरतात. कपडेवालेही जातात, कारण त्या दिवशी खेळाडूंकडून मोसमाचे सगळे कपडे गोळा करायचे असतात. नाहीतर जर्सी भाच्या-पुतण्यांच्या अंगावर जातात. कीथ हा आमचा गाडीवाला. तो दर वर्षी पबच्या मागे गाडी लावायचा, पोरं पिशव्या आणून टाकायची आणि मी नंबर बघून घ्यायची.

डॅनी मला आदल्या आठवड्यात म्हणाला, "मी नाही जाणार."

गॅरी तिथेच होता. तो म्हणाला, "येणार. लिंबूपाणी पी, पण ये. ही टीम तुझी आहे की नाही?"

डॅनीने माझ्याकडे बघितलं. "मिसेस के, तुम्ही दिवसभर माझ्या शेजारी बसाल? तुम्ही असलात की कोणी माझ्या ग्लासात काही ओतणार नाही."

"बसेन. पण खुर्ची पाठीची हवी."

तर मी बसले. ऊन होतं. नन होत्या, केळी होती, दोन नवऱ्या होत्या, दाढीवाल्या. कीथ लांब पांढरी दाढी लावून चेटूक करणारा म्हातारा झाला होता आणि जेवणाच्या वेळेपर्यंतच टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. डॅनी माझ्या शेजारी माझाच एप्रन घालून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या आवाजात म्हणत होता, "आधी चिखल झटका." हसायला आलं, खोटं कशाला बोलू.

गॅरी बागेच्या बुटक्या भिंतीवरून पेंग्विनसारखा चालून दाखवत होता. पाय रबरी, त्यामुळे घसरला आणि मागे दगडी फरशीवर पडला. आवाज झाला. सगळे हसले. तोही हसत उठला, हात वर केले, आणखी एक ग्लास घेतला. रक्त नव्हतं. थोड्या वेळाने गवतावर आडवा झाला आणि घोरायला लागला. पोरांनी त्याच्या चोचीत सिगारेट खोचली आणि फोटो काढले.

डॅनी बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग उठला, जाऊन त्याच्याजवळ बसला, त्याची पापणी उघडली, नाव घेऊन हाक मारली, कानाची पाळी चिमटली.

"ही दारूची झोप नाही," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?" एक केळं म्हणालं.

"मला नाही तर कोणाला माहीत?"

त्याने अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, त्याला हलवू नका, गाडी पाठवतोय, पण आज फार कॉल आहेत, कधी येईल सांगता येत नाही. आम्ही वाट बघितली. त्याने पुन्हा लावला. तेच उत्तर. एक टॅक्सी थांबवली तर टॅक्सीवाल्याने झिंगलेला पेंग्विन बघितला, माझ्या सीटवर ओकेल म्हणाला आणि निघून गेला. आता हसणारं कोणी नव्हतं, पण गाडी चालवण्याच्या स्थितीतही कोणी नव्हतं. मला गाडी येत नाही. गॅरीचा श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू झाला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा डॅनीने कीथच्या खिशातून चावी काढली.

"डॅनी," मी म्हटलं, "आत जाशील."

"माहीत आहे. पिशव्या सरका."

मी पिशव्या सरकवल्या. दोन ननांनी त्याला उचलून आत ठेवलं. मी चढले आणि दार आतून ओढून घेतलं.

हॉस्पिटलच्या दारात माणसं धावत आली आणि त्याला घेऊन गेली. त्यांना पेंग्विनचा पोशाख कापायचा होता, पण चेन सापडली. डॅनी पार्किंगमधून चालत पोलिसाकडे गेला. तिथे दाराशी एक पोलीस दुसऱ्याच कोणासाठी उभा होता. डॅनीने त्याच्या हातात चावी दिली. म्हणाला, "मला गाडी चालवायला बंदी आहे आणि मी आत्ता चालवली." टोप अजून डोक्यावर होता. पोलीस आधी हसला. मग त्याने नाव विचारलं आणि हसणं थांबवलं. फुंकायला लावलं, त्यात काही निघालं नाही.

गॅरीच्या डोक्यात आत रक्त साचलं होतं. लिसा, त्याची बायको, कामावरून तशीच आली. ऑपरेशन केलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि तिला आत घेऊन गेले. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

राउंडअबाउटला समोरून गेलेली अँब्युलन्स गॅरीसाठीच होती, हे आम्हाला चौकशीत कळलं. मृत्यूची चौकशी करणारं इकडे वेगळं कोर्ट असतं. आम्ही थांबलो असतो तर ती आली असती, नळ्या आणि ऑक्सिजन तिथेच सुरू झाले असते. तसं झालं असतं तर तो वाचला असता का, असं कोर्टाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. फरक पडला असता किंवा नसता. मी डॅनीकडे बघितलं. डॉक्टरने सरळ दोष दिला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

डॅनीच्या स्वतःच्या केसमध्ये मी साक्ष दिली. माझी सून मेघा मला गाडीने घेऊन गेली. वाटेत म्हणाली, "आई, प्लीज, जेवढं विचारतील तेवढंच हं. उगाच एक्स्ट्रा नको."

"मी तेवढंच सांगते नेहमी."

सरकारी वकिलाने विचारलं, गाडी सुरू केली तेव्हा तुम्ही त्यांना अडवलं का? म्हटलं, नाही, दार मी लावलं. मेघाने मागे डोक्याला हात लावला असणार. जज म्हणाला, हेतू चांगला होता हे मला दिसतं, पण बंदी म्हणजे बंदी, आणि फोनवर हलवू नका सांगितलं होतं. टांगलेली शिक्षा त्याने सगळी नाही, पण काही भोगायला लावली. क्लबाने त्याला काढून टाकलं. गाडीच्या विम्याचं कारण दिलं. कमिटीतला एकजण मला म्हणाला, "शेवटी त्याने गाडीच चालवली." मी त्याला म्हटलं, मग तळीराम झालेल्या कीथने चालवायला हवी होती का? त्यानंतर मला कोणी काही सांगायला आलं नाही.

लिसा एकदा लाँड्रीत आली. हातात हॉस्पिटलची पिशवी, तिच्यात पेंग्विन. भाड्याचा होता, दुकानात परत द्यायचा होता. आत ओकारी आणि गवत होतं. मी थंड पाण्यात भिजवला, ब्रश मारला. ती स्टुलावर बसून बघत होती.

"शेवटी तो काही बोलला का?" तिने विचारलं.

"नाही. घोरत होता."

"सगळे म्हणतात माझं नाव घेतलं."

"मी तिथे होते. घेतलं नाही."

ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला असतात तरी चाललं असतं, मिसेस के."

मला ते तेव्हा सुचलं नाही. आताही सुचेल असं वाटत नाही. पेंग्विन वाळला, मी तो इस्त्री करून दिला. एक पाय नव्हता, दुकानवाल्याने त्याबद्दल काही विचारलं नाही.

त्या मोसमानंतर मीही सोडलं. कोणासाठी नाही, गुडघ्यांसाठी. डॅनी सुटला तेव्हा आमच्या गावात त्याला कोणी काम देईना. अर्ध्या गावाला वाटायचं त्याने गॅरीला मारलं, अर्ध्या गावाला वाटायचं त्याने प्रयत्न केला, आणि दोन्ही अर्धी त्याला बघून रस्ता ओलांडायची. लिसा त्याच्याशी बोलत नाही. मी तिला बोल म्हणत नाही.

तो समुद्राच्या बाजूला दुसऱ्या गावी गेला. तिथे हॉस्पिटलच्या कपड्यांच्या मोठ्या लाँड्रीत लागला. कोणी ओळखत नाही. शनिवारी हौशी टीममध्ये खेळतो, पैशाशिवाय. गुडघा बिघडलाय, आता त्याला कोणीही धरतं, त्याच्या जर्सीलाही चिखल लागतो. स्वतःच धुतो. टीमने मोसमाच्या शेवटी बोलावलं तर जात नाही, आणि का नाही ते सांगतही नाही.

रविवारी फोन करतो. "मिसेस के, रक्ताला थंड पाणीच ना?" विचारतो. त्याला माहीत असतं. मीही दर वेळी सांगते, थंडच. मग तो म्हणतो, "ती अँब्युलन्स." मी म्हणते, हो, ती अँब्युलन्स. विसर असं मी सांगत नाही, विसरण्यासारखं ते नाहीच. एकदा मी त्याला सरळ विचारलं, त्या दिवसानंतर प्यायलास का?

"नाही," म्हणाला. "त्या दिवशी प्यायला असतो तर गाडी चालवली नसती. हा विचार मनात येतो, मिसेस के. तरी नाही."

मी विचारलं, जेवलास का. जेवला होता.

त्या गाडीत आम्ही तिघं होतो. गॅरी त्याच संध्याकाळी गेला. मी आहे. डॅनीही आहे.